जवळचा चष्मा

चाळिशी उलटल्यावर हिला हे काय खूळ सुचलं, असं बाजारातल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारून घेतलं होतं. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या आणि डोक्यात मात्र चिखल, दगड, नदीची पात्रं. शेवटी एकदाचं तिनं ठरवलं: जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायची, नटबोल्टापासून नवी करायची आणि रस्ता संपतो तिथून पुढे हाकायची. नवरा म्हणाला, कर हौस, फक्त मला त्यात बसवू नकोस. धाकटा दीर गॅरेजवाला. त्याला तर आयतंच निमित्त मिळालं.

गाडी सापडली ती शहराबाहेर, एका निवृत्त मोजणीदाराच्या अंगणात, ताडपत्रीखाली. मोजणीदार मोजकंच बोलला. मुलाची होती, मुलगा आता नाही, सडत पडण्यापेक्षा कुणीतरी चालवावी, एवढंच. मुलगा कशानं गेला हे विचारायला तिची जीभ रेटली नाही. बोलणं चालू असताना खिडकीचा पडदा कुणीतरी आतून ओढून घेतला. दोर लावून पिकअप बाहेर काढली, तेव्हा घराचं दार धाडकन आपटलं. वारा नव्हता.

दुकानामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. दीर गॅरेज बंद करून यायचा, तीही ॲप्रन काढून हात काळे करायला बसायची. गंज खरवडला, पत्रा बदलला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. आणि मग एकेक विचित्र प्रकार घडू लागले. एका संध्याकाळी चारही टायर बसलेले, वॉल्व्ह गायब. दीर म्हणाला, पोरांचा चावटपणा. नंतर डॅशबोर्डखालच्या वायरी कापलेल्या, अगदी शिंपिणीनं दोरा कापावा तशा. पुढे टाकीत वाळू निघाली. चोरी म्हणावी तर नवाकोरा जॅक शेजारीच पडलेला, त्याला हातसुद्धा लावलेला नाही. दिवसाढवळ्या कोण येतं आणि कुठून जातं, दोघांनाही समजेना. शेडला बाहेरून कुलूप घातलं, तरी प्रकार थांबेनात.

त्याच सुमारास दुकानात एक म्हातारी यायला लागली. केस चापूनचोपून बांधलेले, बोलणं हळू. लांबचं स्वच्छ दिसायचं, जवळचं मात्र धूसर. बारीक काम करायचं असतं, म्हणाली. चष्मेवालीनं नंबर काढून दिला. म्हातारीनं जाताना हात धुवायला जागा विचारली. नळ मागच्या बाजूला, दुकानातून शेडमध्ये उघडणाऱ्या दाराजवळ होता. मग ती कधी काडी घट्ट करायला, कधी नाकपट्ट्या बदलायला येत राहिली. प्रत्येक वेळी हात धुऊन जायची. अशी टापटीप गिऱ्हाइकं चष्मेवालीला आवडत.

एवढं सगळं निस्तरूनही पिकअप उभी राहिली. सुट्टीच्या सकाळी दोघं ती दगडखाणीच्या चढावर घेऊन गेले. चढताना गाडी अशी गुरगुरत गेली, की दिराला हसू आवरेना. वरून वळवून उतरायला लागले आणि चष्मेवालीचा पाय ब्रेकसकट थेट तळाला टेकला. दिरानं हँडब्रेक खेचला. तिनं दात खाऊन खालचा गिअर टाकला आणि गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घुसवली. दिराचं कपाळ फुटलं. ती स्टिअरिंग सोडीचना. शेवटी त्यानंच तिची बोटं सोडवली.

ब्रेकचा पाइप अर्धवट कापलेला होता.

शेडमध्ये परतल्यावर तिनं जमीन इंच इंच पाहिली. पुढचं चाक उभं असायचं तिथं धुळीत एक चिमुकली पारदर्शक नाकपट्टी पडली होती. ती तिनं स्वतःच्या हातानं बसवली होती. कुणाच्या चष्म्याला, तेही तिला आठवलं. पण ती बाई कोण, कुठली, याचा पत्ता नव्हता. गाडीशी वैर असणारं कुणी माहीत आहे का, हे विचारायला ती तडक मोजणीदाराच्या घरी गेली.

दार म्हातारीनंच उघडलं. चष्मा नाकावर तिरपा झाला होता.

"या," ती म्हणाली. "एक नाकपट्टी पडलीय कुठेतरी."

"आम्ही दोघं होतो आत. उतारावर."

म्हातारी दाराला धरून उभी राहिली. "मला वाटलं, ती जागची हलणारच नाही. कुठली नळी कशाची, हे मला काय कळतंय? तुमच्यामुळं नीट दिसायला लागलं, इतकंच."

मागून मोजणीदार आला. खाली मान घालून त्यानं सांगितलं, की जॅक सरकला आणि मुलगा ह्याच गाडीखाली गेला. विकायचं त्यानं एकट्यानं ठरवलं होतं. पोराचा त्या गाडीवर फार जीव होता, ती चालली तर बरं वाटेल म्हणून.

"तुम्ही पुन्हा उभी केलीत, तर मी पुन्हा येईन," म्हातारी म्हणाली. "रागानं नाही सांगत."

ती रागावली असती तर बरं, असं चष्मेवालीला वाटलं. दीर पोलिसांत जायचं म्हणून हटून बसला होता. तिनं त्याला कसंबसं आवरलं आणि गाडी भंगारात काढायचं ठरवलं. एवढी मेहनत पाण्यात जाणार म्हणून तो हळहळला. तिला रात्री झोप हवी होती.

भंगारवाल्याच्या आवारात गॅसकटरनं आधी कॅब कापली, मग चासी. चष्मेवालीनं नवराबायकोला आधी कळवलं होतं. मोजणीदार फाटकाबाहेर पाठ करून उभा राहिला. म्हातारी मात्र आत आली आणि वाकून एकेक तुकडा पाहत फिरली, मंडईत भाजी निवडावी तशी.

"इंजिन कुठंय?" तिनं विचारलं.

चष्मेवालीनं दिराकडे पाहिलं. तो पायानं माती उकरत होता.

"चांगलं होतं, वहिनी. तोडवेना," तो पुटपुटला. "मित्राला दिलं. तोही अशीच एक पिकअप उभी करतोय."

म्हातारीनं पदराच्या टोकानं काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा चढवला. "कुठं राहतो तो?"

"सांगू नका, भावजी," चष्मेवाली म्हणाली.

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "त्या इंजिनाचा आवाज ओळखते मी." आणि ती नवऱ्यामागोमाग सावकाश निघून गेली.

चष्मेवालीनं तिथंच दिराला मित्राला फोन करायला लावला. कामाच्या जागेवर लक्ष ठेव, एक म्हातारी येईल, असं त्यानं चाचरत सांगितलं. पलीकडून मित्र मनापासून हसला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं होतं, सगळी गल्ली बघायला जमली होती, आणि आता पहिल्या फेरीला दोघांनीही यायलाच हवं, असा त्याचा आग्रह होता.