वीज आहे का?

"एका शब्दात दोन गोष्टी कोंबू नकोस, निशी. कधीतरी घोटाळा होईल," असं ॲमंडाने बजावलं होतं, आणि निशिगंधाने ते हसण्यावारी नेलं होतं.

वाद होता 'वीज' या शब्दाचा. निशिगंधाचे वडील वीज मंडळात नोकरीला. घरात कुणी 'लाईट गेली' म्हटलं की ते तिथल्या तिथे टोकायचे, "लाईट इंग्रजांची गेली, आपली जाते ती वीज." लग्न होऊन ती मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आली तरी ही सवय जिभेवरून उतरली नाही. इथे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे 'लाईट गया' म्हणणारे. ही एकटी 'वीज गेली' म्हणायची.

ॲमंडा उत्तनची, मच्छीमाराची मुलगी. कॉलेजात फिजिक्सला दोघी एका बाकावर. तिच्याकडे बटण दाबल्यावर येते ती लाईट आणि आभाळातून पडते ती वीज. समुद्रात माणूस जिला घाबरतो ती वीज, पंख्याला काय घाबरायचं, असं तिचं म्हणणं. "आधी मराठी शीक, मॅडम," म्हणून निशिगंधा तिला चिडवायची.

पुढे दोघींचं पोट विजेवरच चालू लागलं, म्हणजे ॲमंडाच्या विजेवर. ज्वालामुखी फुटला की राखेचा उंच खांब उठतो. राखेचे कण एकमेकांवर घासतात आणि त्या काळ्या लोटातच विजा चमकायला लागतात. डोंगर ढगात बुडाला की कॅमेरा आंधळा होतो, पण त्या विजांची रेडिओवरची चरचर फार लांबवर ऐकू येते. किती विजा, किती भराभर, यावरून आत काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, असा त्यांच्या संस्थेचा प्रकल्प होता. ॲमंडा पूर्वेकडच्या समुद्रातल्या एका बेटावर अँटेना लावायला गेली. निशिगंधाची इशिता लहान, म्हणून ती घरूनच नकाशा बघायची. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, आणि त्यावर प्रत्येक विजेचा एक लाल ठिपका.

बेटावरचं नेट इतकं रडकं की तिथे नकाशा उघडायचाच नाही. मेसेज तेवढे यायचे-जायचे. म्हणून ठरलं होतं की ठिपक्यांवर नजर निशिगंधाने ठेवायची. ते थांबले तर अर्थ दोन निघतात. एक तर डोंगर दमला. नाहीतर राखेचा खांब आपल्याच वजनाने खाली बसला, आणि मग तीच तापलेली राख उतारावरून धावत सुटते. यातलं कुठलं खरं ते ठिपके सांगत नाहीत. म्हणून वाईटच धरायचं, आणि सगळं टाकून होडी गाठायची.

त्या दुपारी इशिता तापाने फणफणली होती. आदल्या दिवशी वादळी वाऱ्यात सगळ्या सिल्व्हर पार्कची वीज गेलेली, आणि निशिगंधाने ॲमंडाला भलंमोठं रडगाणं लिहून पाठवलेलं: वीज नाही, लिफ्ट बंद, पोरीला कडेवर घेऊन जिने चढतेय. आज नवरा, पराग, ऑफिसात. ती आतल्या खोलीत लेकीच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती. लॅपटॉप बाहेर. आपण बराच वेळ नकाशा बघायला उठलो नाही, हे तिच्या मनात डाचत होतं, पण हात काढला की पोर कण्हायची.

फोनवर ॲमंडाचा मेसेज आला. "वीज आहे का?"

निशिगंधाने वर पाहिलं. पंखा गरगरत होता. तिकडे डोंगरावर बसून ही बया माझी चौकशी करतेय, असं वाटून तिला भरून आलं. एका हाताने तिने लिहिलं, "आहे गं, झकास. तू निवांत काम उरक."

ब्लू टिक आली. मागोमाग अंगठा आला.

इशिताचा डोळा लागल्यावर ती बाहेर आली. नकाशावर नवा ठिपका नव्हता. जुने फिकट होत चालले होते. क्षणभर तिला फक्त एवढंच वाटलं की कळवायला हवं. कळवायला फोन उघडला तर वर तो मेसेज. तिने तो परत वाचला. ॲमंडाने जन्मात कधी घरातल्या लाईटला वीज म्हटलं नव्हतं.

"थांबलीय. खाली उतर, मँडी, खाली उतर." तिने लिहिलं, फोन लावला, परत लावला. त्या मेसेजला एकच करडी टिक आली. ती अजून तशीच आहे.

होडीजवळचे दोन सोबती वाचले. ढगामुळे त्यांना डोंगर दिसत नव्हता. गुरगुर थांबल्यासारखी वाटली म्हणून ॲमंडाने विचारून घेतलं. उत्तर वाचून ती हसली. म्हणाली, अजून चालू आहे, माझी मैत्रीण बघतेय, शेवटची अँटेना जोडून येते. आणि वर गेली.

संस्थेतल्या लोकांनी मेसेज वाचले आणि निशिगंधाने नकाशा बघूनच 'आहे' लिहिलं, पण ठिपके तिच्याकडे उशिरा पोचत असणार, असा निष्कर्ष काढला. निशिगंधाला कुणी बोल लावला नाही. तिने परागला खरं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की हे आता कुणाला सांगू नकोस. म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नको. म्हातारा माणूस म्हणजे ॲमंडाचे वडील, कॉन्रॅड. ॲमंडाची आई, मॉलीआंटी, वारल्यापासून त्या घरात ते एकटेच. पोरीला पुरायलाही काही हाती आलं नव्हतं. चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा, प्रार्थना, तेवढी झाली.

तरी ती इशिताला घेऊन उत्तनला गेलीच. कॉन्रॅड अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होते. त्यांनी पोरीच्या हातात बिस्किट दिलं, निशिगंधाला खुर्ची दिली. तिने सगळं सांगितलं, मेसेज वाचून दाखवला.

"मँडी लाईटला वीज बोलली?" त्यांनी विचारलं.

"नाही, अंकल. ती आभाळातलीच विचारत होती. मी घरातली समजले."

"इतक्या वर्सांची दोस्त तू. तुला म्हायती न्हवतं, ती कशाला काय बोलते?"

"माहीत होतं."

ते उठले आणि एकेक बोंबील उलटा करत राहिले. उलटवलेले पुन्हा उलटवू लागले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस. पन आता येऊ नको, बाय. तू दिसलीस का मना तीच दिसते. हसताना."

निशिगंधाने मान डोलावली, आणि ती शब्दाला जागली. पण परवा सिल्व्हर पार्कच्या गेटवर मासळी घेऊन येणारी उत्तनची सरूबाई सांगत होती, कॉन्रॅड पाण्यात जायचा बंद झालाय, अंगणातले बांबू रिकामे हायेत, दिवसासुद्धा दार लावून बसतो.

तेव्हापासून उत्तनच्या बाजूला कुणी निघालं की निशिगंधा त्याला गाठते, आणि हे वाचणाऱ्या तुमच्याकडेही तिचं एवढंच मागणं आहे. चर्चच्या मागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे. दार वाजवा. लगेच उघडणार नाहीत, जरा थांबा. उघडलं तर जेवलात का, एवढं विचारा, आणि दोन घास खाईपर्यंत बसा. कुणी पाठवलं ते मात्र सांगू नका.