एकाच चाकाखाली जॅक

जावईबापू गॅरेजात आले त्याच दिवशी भाच्याने त्यांचे हात बघितले आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. कसले ते हात! नखं कशी स्वच्छ, जणू कुणी रोज घासून देतंय! अकरा वर्षं मामाच्या हाताखाली कोपरापर्यंत ग्रीसमध्ये घालवलेल्या भाच्याने आता या माणसाशी बरोबरी करायची. का, तर त्याने मामाची मुलगी केली म्हणून! आधी कुठल्याशा ऑफिसात खुर्ची उबवत होता. ऑफिस बंद पडलं तेव्हा सासऱ्याचं गॅरेज आठवलं.

मामाचे गुडघे गेले होते. "ही गाडी होऊ दे," त्याने दोघांसमोर सांगितलं, "मग गॅरेज कोणी चालवायचं ते ठरवतो."

गाडी एका नर्सबाईंची. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कायमचा बसला होता, म्हणून भंगारातल्या तशाच एका गाडीचा साधा, हाताने गिअर टाकायचा बॉक्स तिथे घालायचा होता. क्लच, पेडल, शाफ्ट सगळं भाच्याने बसवलं. राहिला मागचा डिफरन्शियल, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचं फिरणं मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा डबा. जुनाच ठेवायचा की बदलायचा? चाक एकदा फिरताना शाफ्ट किती वेळा फिरतो, तो त्याचा आकडा. आकडा मोठा असला की गाडी जोरात ओढते, पण हायवेवर इंजिनाचा जीव जातो. ऑटोमॅटिकचा शेवटचा गिअर मोठा आकडा सांभाळून घ्यायचा, नव्या बॉक्सचा पाचवा घेणार नव्हता. आणि बाईंना तर रोज हायवेने साठ किलोमीटर जायचं होतं.

"हे जावईबापू बघतील," मामा म्हणाला.

बघतील म्हणे! भाचा हात पुसत बाजूला उभा राहिला. जावईबापूंनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, मागच्या एका चाकाखाली जॅक लावला आणि टायरवर, शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या. दुसरं चाक आपलं जमिनीवर. चाक एक फेरा फिरवलं, शाफ्ट सव्वादोन फेऱ्यांच्या जरा आत थांबला.

भाच्याला हसू आवरेना. अरे दीडशहाण्या, एक चाक टेकलेलं असलं की शाफ्ट निम्माच फिरतो, दुप्पट कोण करणार? साडेचारच्या जवळचा आकडा आहे हा, हायवेवर इंजिन बोंबलणार!

"दोन पॉइंट दोन," जावईबापू खूश होऊन म्हणाले. "म्हणजे हायवेला इंजिन अगदी शांत राहील. जुनाच ठेवू या. बरोबर ना, दादा?"

"तुम्ही मोजलंय ना? मग झालं की," भाचा म्हणाला. त्याला गुदगुल्या होत होत्या. आता मामासमोर याची कशी फजिती होते बघा.

चार दिवसांनी, बाई गाडी न्यायला यायच्या आदल्या दिवशी सकाळी, तिघे हायवेवर गेले. जावईबापू चालवत होते, शेजारी मामा, मागे भाचा. ऐंशीला इंजिन कण्हायला लागलं. शंभरला काटा चार हजारांकडे सरकला आणि गाडीत बोललेलं ऐकू येईना. जावईबापू पाचव्याच्या पुढे गिअर शोधत होते!

"मामंजी, माझं चुकलं," गाडी कडेला घेऊन ते म्हणाले. कान लाल झाले होते. "काय चुकलं तेच कळत नाहीये."

झालं! भाचा याचीच तर वाट बघत होता. टेकलेलं चाक, निम्मे फेरे, दोनाने गुणणं, सगळं त्याने सांगितलं, नाकाने कांदे सोलत. "शाळेतलं पोरगंही अशी चूक करणार नाही, मामा."

मामाने मान वळवली. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. माझ्यासमोरच तर मोजलं यांनी!" भाच्याची छाती फुगली होती.

"त्याने तुला विचारलं नाही?"

"विचारलं की."

"मग?"

भाचा खिशातलं फडकं काढून हात पुसायला लागला.

"मी आज गाडीत बसलो नसतो," मामा म्हणाला, "तर बाई ही गाडी घेऊन गेल्या असत्या. कान बधिर करत, इंजिन खलास करत. आणि तू हसत बसला असतास. गॅरेज जावईबापू चालवतील."

"हे? मामा, यांना दोनाने गुणता येत नाही!"

"आत्ता पाच मिनिटांत आलं की. तूच शिकवलंस."

गॅरेजात उतरल्यावर मामा भिंतीला धरत धरत आत गेला. जावईबापूंनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"दादा, मग कोणता आकडा घालायचा?"

भाच्याने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कुत्सितपणाचा मागमूस नव्हता. त्याचाच त्याला जास्त राग आला.

"तीनच्या जरा वर," तो म्हणाला. "भंगारातल्या त्या गाडीचाच आहे."

"बरं," जावईबापू म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत, सहज, त्यांनी विचारलं, "किती वाजेपर्यंत बसवाल?"