महाराजांची प्रार्थना

व्यसनमुक्ती केंद्रात सकाळची प्रार्थना सांगायला केंद्र चालवणाऱ्या बाई रोज नव्या माणसाला उभं करत. दारू सोडायला आलेल्या एका सुताराची पाळी आली आणि बाई फसल्या. गळा असा, की दगडाला पाझर फुटावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, मग कायमचा तोच. बाकीचे त्याला चेष्टेने महाराज म्हणू लागले. हळूहळू त्यातली चेष्टाही गेली.

आता गळा म्हणजे काही श्रद्धा नव्हे, पण हे सांगणार कोण? महाराजांच्या आत सगळा शुकशुकाट. दाढ काढताना सुई टोचली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं. डोळे मिटून तो शब्द म्हणायचा आणि मनात यायचं एवढंच, की या खिडकीची चौकट कुणीतरी तिरकी बसवली आहे.

घरी जायचा दिवस आला. केंद्राची रीत अशी, की जाण्याआधी सगळ्यांच्या गोलात, घरच्या माणसासमोर, व्यसन सुटावं म्हणून आपण स्वतःला कुठल्या देवाच्या हवाली केलंय ते सांगायचं. बाईंना पटलं तरच सुट्टी. बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या भेटीत ती बजावून गेली होती, आता फसवलंत तर मी तुमची कुणी नाही. दोन गोड वाक्यं बोलला असता, तर आजच घर होतं.

"बोला महाराज," बाई म्हणाल्या.

समोर कालच दाखल झालेला ड्रायव्हर बसला होता. त्याची नजर सुतारावरच होती.

"मला प्रार्थनेत काहीच होत नाही," सुतार म्हणाला. "कुणी ऐकतंय असं वाटत नाही. नुसता म्हणतो."

बाईंचा चेहरा पडला.

"मग रोज कशाला म्हणता?" ड्रायव्हरने विचारलं.

"हे सगळे माझ्यामागे म्हणतात. एकट्याने बसवत नाही मला."

"अजून राहावं लागेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. त्याने मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

बायको उठली. ही गेली आता, असं त्याने धरूनच टाकलं. ती त्याच्यापुढे येऊन थांबली.

"दरवेळी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललात," ती म्हणाली. "आज कुणाच्याच डोक्यावर हात नव्हता."

मग ती बाईंकडे वळली. "पुढची भेट कधी असते?"