कोरडे मोजे

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांवर आया, आयांच्या शेजारी मान खाली घातलेल्या मुली आणि पुढे टेबलापाशी शुद्धीमाई. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात मण्यांची जाड माळ. विज्ञान मानणाऱ्यांसाठी कोट, न मानणाऱ्यांसाठी माळ. एकही गिऱ्हाईक हातचं जायला नको.

समोरच्या मुलीच्या गुडघ्यांवरून जमिनीपर्यंत चादर सोडलेली होती. चादरीच्या आत पाण्याचा टब, टबात तिचे पाय आणि पायांशेजारी वायर जोडलेला एक डबा. त्याला म्हणायचं शोषकयंत्र. थोड्या वेळाने माईंनी चादर उचलली. मघाशी नितळ दिसणारं पाणी तपकिरी, गढूळ झालं होतं आणि वर फेस आला होता. हॉलभर ‘अगंबाई’ झालं.

“वयात येताना मुलीचं रक्त अशुद्ध होतं,” माई सांगत होत्या. “ती घाण अशी पायावाटे उतरते. तपकिरी म्हणजे यकृताचा मळ. फेस म्हणजे हट्टीपणा.”

हट्टीपणाला फेस येतो हे मला डॉक्टरकीच्या अभ्यासात कुणी शिकवलं नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. त्या दिवशी मात्र मी मावशी म्हणून बसले होते, कारण पुढचा नंबर माझ्या भाचीचा होता.

तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती कधी चालत नाही, उड्या मारते. शाळेच्या लांब उडीत तीच पहिली. पाळी सुरू झाल्यापासून मात्र अंगावरून फार जायला लागलं. जिना चढताना धाप, ओठ फिके, आणि एक दिवस मैदानातच चक्कर येऊन पडली. मी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जेमतेम सात. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि शी काळी होईल, घाबरू नकोस, असंही बहिणीला बजावलं. ती मान हलवत होती. शी काळी झाली तेव्हा मात्र ती घाबरली आणि शेजारणीचं बोट धरून आधी एकदा इथे येऊन गेली.

माईंनी निकाल दिला, “गोळ्यांनी आतडी जळतायत.” गोळ्या बंद, अंडी बंद, उड्या तर बंदच. हॉलच्या दारात एक टोपलीच ठेवलेली होती. आत शिरताना बायांनी आपापल्या मुलींच्या औषधांची पाकिटं त्यात टाकायची. त्या दिवशी खारूचं पाकीटही त्यात पडलं होतं.

गोळ्या बंद करण्यावरून आदल्या दिवशी आम्हा बहिणींची चांगलीच जुंपली होती. बहीण बँकेत अधिकारी आहे. दुसऱ्याच्या सहीतला वेलांटीचा फरक तिला लांबून दिसतो.

“ताई, मी माझ्या डोळ्यांनी पाणी बघितलंय,” ती म्हणाली.

“तू चादर बघितलीस. लोखंडाच्या कांड्या मिठाच्या पाण्यात घालून वीज सोडली की गंज सुटणारच. पाय असोत वा नसोत.”

“मग चादर नको का? वयात आलेल्या मुलीने चारचौघांत पाय उघडे टाकून बसायचं?”

खारू पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. बहीण स्वयंपाकघरात गेल्यावर तिने हळूच विचारलं, “मावशी, चादरीच्या आत कुणीच बघत नाही?”

“कुणीच नाही. लाज आड येते ना.”

“बरं,” ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी गालात हसली.

माईंनी हाक मारली तशी ती उठली. दोन पावलं टाकून खुर्चीची पाठ धरून थांबली, श्वास घेतला, मग बसली. असं अजून महिनाभर चाललं असतं तर तिला रक्ताची बाटली चढवावी लागली असती. बहिणीने नीट चौफेर चादर सोडली आणि मुलगी आत मोजे काढून पाय टबात घालेपर्यंत रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं. माईंनी हात आत घालून मंतरलेलं मीठ टाकलं, डबा सोडला, बटण दाबलं. डोळे मिटून त्या कंपनं, लहरी आणि पेशींचा कचरा यावर बोलत राहिल्या. शेवटी चादर बाजूला झाली.

“बघा, या पोरीत किती घाण होती ते.”

पाणी खरंच सगळ्यांपेक्षा गढूळ होतं. पण हॉलमधून ‘अगंबाई’ आलं नाही. खारूचे पाय टबात नव्हतेच. ते खुर्चीच्या खालच्या दांडीवर होते आणि त्यांत शाळेचे पांढरे मोजे होते.

“मोजेसुद्धा कोरडे आहेत,” ती म्हणाली. “हात लावून बघा. ही घाण कुणाची आहे?”

माईंनी गळ्यातली माळ सावरली. मग म्हणाल्या, “काही मुलींचा दोष लांबूनही ओढला जातो.”

“मग मी घरी जाते. तुम्ही घरापर्यंत ओढा.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मघाच्या मुलीची आई उठली आणि म्हणाली, “नवीन पाणी भरा. मीठ टाका. कुणीही बसू नका.” माई यंत्र थकल्याचं सांगू लागल्या. तोवर बहिणीने बटण बंद करून डबा उचलून उलटा केला होता. आतल्या कांड्या गंजून, झिजून बारीक झाल्या होत्या. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली तांबडी पूड बघत राहिली.

“ताई, हे लोखंड आहे.”

“हो. तिच्या रक्तात कमी पडतंय तेच. इथे ते पाण्यात जातंय, आणि गोळ्या टोपलीत.”

बहिणीने डबा खाली ठेवला. तडक दारापाशी गेली, टोपलीत हात घातला आणि खारूचं नाव लिहिलेलं पाकीट शोधून काढलं. तिच्यामागे दुसरी आई गेली, मग तिसरी. माई ‘शाप लागेल’ म्हणाल्या, पण सगळ्यांची त्यांच्याकडे पाठ फिरली होती.

मला एवढंच सांगायचं आहे. पाळीचं रक्त घाण नसतं. मुलगी वाढत असते; तिला पोटभर जेवण, झोप, स्वच्छ पॅड, मैदान आणि खरं बोलणारं माणूस लागतं. अंगावरून जास्त जात असेल, चक्कर येत असेल, तर रक्त तपासून घ्या आणि औषध सांगितलं तितकं पुरं द्या. आणि कुणी झाकून चमत्कार दाखवत असेल तर लाज बाजूला ठेवून आधी चादर उचला.

बहिणीने पर्समधून पाण्याची बाटली काढली, सगळ्या हॉलसमोर गोळी खारूच्या तळहातावर ठेवली. खारूने ती गिळली आणि मग वाकून बूट घातले.