तिसऱ्या बटणाचा उशीर

मी एक जुना बझरचा डबा आहे, मित्रांनो. कल्याणमधल्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. वय चौदा वर्षं. अंग प्लायवुडचं, रंग हिरवा. माथ्यावर चार छोटे दिवे आणि पोटात एक घंटी. पाठीमागून चार लांब वायरी निघतात. प्रत्येक वायरीच्या टोकाला मुठीत मावेल एवढी डबी आणि तिच्यावर एक लाल बटण.

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॉलेजात विज्ञान-तंत्रज्ञान प्रश्नमंजूषा होते. अंतिम फेरीत चार जोड्या चार टेबलांवर बसतात आणि प्रत्येक टेबलावर माझी एक डबी असते. प्रश्न वाचला जातो आणि ज्याला उत्तर येतं तो बटण दाबतो. ज्याच्या बटणाची वीज माझ्यापर्यंत आधी पोचते त्याचा दिवा लागतो, घंटी वाजते आणि त्याच क्षणी बाकीच्या तिघांची वाट मी बंद करतो. मला विज्ञानातलं काही कळत नाही. आधी कोण, एवढंच कळतं.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या विश्रामकाकांनी. ते रोज खडवलीहून यायचे आणि बाकी सगळ्यांच्या आधी पोचायचे. मी येण्याआधी स्पर्धेत हात वर करायची पद्धत होती आणि दर प्रश्नाला भांडण व्हायचं. एकदा एका पोराने रागाने माईकच ओढला. तेव्हा काकांनी मला पंधरा दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत बसून, जोडलं. पहिल्याच वर्षी एकही भांडण झालं नाही. मग डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरची कॉलेजं मला मागून नेऊ लागली. काका मला कापडी पिशवीत घालून स्वतः घेऊन जायचे. स्पर्धेआधी एकेक बटण अंगठ्याने दाबायचे आणि म्हणायचे, "एक बोल. दोन बोल. तीन बोल. चार बोल." चारही दिवे लागले की माझ्या डोक्यावर थाप मारायचे. त्या थापेची मला सवय झाली होती.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा होई. तराजू, मल्टिमीटर, लोलक आणि मी, सगळे एका टेबलावर. काका मला ओल्या फडक्याने पुसायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक बटणात सोडायचे. बटण मऊ चालावं म्हणून.

मग करोना आला. कॉलेज बंद झालं, प्रश्नमंजूषा मोबाईलवर गेली आणि मी दोन वर्षं कपाटात पडून राहिलो. भिंतीतून ओल यायची. पालीने माझ्या पोटात अंडी घातली. मी बाहेर निघालो तेव्हा माझं तिसरं बटण कडक झालं होतं. काकांना वाईट वाटलं. त्या वर्षापासून ते तिसऱ्या बटणात दोन थेंब सोडू लागले.

आता प्रियांकाची गोष्ट सांगतो. ती दिवा स्टेशनजवळ राहणारी, भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. तिचा जोडीदार सम्यक, तिच्याच वर्गातला. गेल्या वर्षी दोघं पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचले आणि त्यांना तीन नंबरचं टेबल मिळालं. दोन नंबरला साकेत आणि मैथिली बसले होते. ही फेरी जिंकणारी जोडी ठाण्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी जाते. शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. प्रश्न आला. प्रियांकाचं बोट आधी पडलं. दिवा मात्र दोनचा लागला.

"मॅडम, मी आधी दाबलं," प्रियांका उभी राहून म्हणाली.

"हो, मनातल्या मनात," साकेत म्हणाला आणि सभागृह हसलं.

प्रश्न वाचणाऱ्या चित्रा मॅडम शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "दिवा कोणाचा लागला? दोनचा. वाद नाही."

स्पर्धेनंतर प्रियांका काकांकडे आली. काकांनी तिच्यासमोर तिसरं बटण अंगठ्याने दाबलं. दिवा लख्ख लागला. "बघ बाळा. माझा डबा खोटं बोलत नाही. तूच दमली असशील."

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. दोनची वीज खरंच आधी पोचली होती. पण तिचं बोट आधी पोचलं होतं, हेही खरं होतं. मधे कुठेतरी उशीर झाला होता, माझ्याच अंगात, आणि तो सांगायला मला तोंड नव्हतं.

वर्षभर तिला वर्गात "मनातल्या मनात" हेच नाव पडलं. हे मला कळलं, कारण यंदाच्या जानेवारीत ती प्रयोगशाळेत आली तेव्हा दारातूनच कोणीतरी तसं ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही. ती थेट काकांसमोर उभी राहिली. हातात एक फूटपट्टी होती.

"काका, डबा काढाल का? मला एक तपासायचंय."

"परत तेच? अगं, सगळी बटणं चालतात."

"तुम्ही एकेक बटण दाबता, काका. स्पर्धेत कधी एकच बटण दाबतात का?"

काका कपाटाकडे वळले. मग त्यांनी मला कपाटातून काढलं. मला वाटतं, तिचं बोलणं त्यांना पटलं म्हणून नव्हे, तर मी निर्दोष आहे हे तिला एकदाचं दिसावं म्हणून.

प्रियांकाने दोन आणि तीन नंबरच्या डब्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही बटणांवर आडवी पट्टी ठेवली आणि बरोबर मधोमध बोटाने दाबली. दोनचा दिवा लागला. सम्यकने फळ्यावर खडूने रेघ मारली. पुन्हा दाबली. दोन. पुन्हा. दोन. वीस वेळा दाबून झालं तेव्हा फळ्यावर दोनच्या एकोणीस रेघा होत्या आणि तीनची एक.

"पट्टी वाकडी पडत असेल," काका म्हणाले.

"म्हणून आता जागा बदलते." तिने डब्यांची अदलाबदल केली, डावीकडची उजवीकडे. पुन्हा वीस वेळा. दोनच्या अठरा.

"आणि एक-दोन?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

एक आणि दोन: अकरा, नऊ.

काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिसऱ्या डबीचं झाकण उघडलं. बटणाच्या आतल्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तेल आणि धूळ मिळून तिथे एक चिकट थर बसला होता. अंगठ्याने जोरात दाबलं की तो थर चिरडून वीज जायची आणि दिवा लागायचा. घाईत, बोटाच्या टोकाने दाबलं की ती पितळी पट्टी थोडी जास्त खाली जावी लागायची. तेवढाच उशीर.

"हे मीच केलं," काका म्हणाले. "दर खंडेनवमीला. याला तर दोन थेंब."

सम्यक खडू चोळत उभा राहिला. प्रियांकाने फूटपट्टी खाली ठेवली.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत ना, काका."

"मुद्दाम केलं नाही म्हणून तुझं गेलेलं वर्ष परत येतं का? तुला मी दमलेली म्हणालो." त्यांनी बोट फडक्याला पुसलं आणि उठले. "चल. मॅडमना मी स्वतः सांगतो. तू फक्त सोबत ये."

ते परत आल्यावर तिघांच्या बोलण्यावरून मला समजलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं होतं. गेल्या वर्षीचा निकाल आता बदलता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मात्र त्या प्रियांकाला म्हणाल्या होत्या, "तुझं ऐकून तेव्हाच तपासायला हवं होतं. ते मी केलं नाही." आणि पुढे असंही, की यंदाची अंतिम फेरी सुरू होण्याआधी पट्टीची चाचणी सगळ्यांसमोर होईल.

"एकच बटण बदलू का?" काकांनी विचारलं.

"चारही," प्रियांका म्हणाली. "एकच नवं बसवलं तर तेच सगळ्यांच्या पुढे पळेल. मग साकेत ओरडेल, आणि त्याचं बरोबर असेल."

काका स्टेशनजवळच्या दुकानातून एकाच बनावटीची चार बटणं घेऊन आले. आत तेल नाही. जोडून झाल्यावर प्रियांकाने पुन्हा पट्टी उचलली. चार बटणांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी वीस वेळा.

"एकशे वीस?" सम्यकने कपाळाला हात लावला. "तू विद्यार्थिनी आहेस की इन्स्पेक्टर, यार? आणि आज दिव्याला पाणी येणार ना तुमच्याकडे? तू जा, उरलेलं मी दाबतो."

"तू दाबशील आणि चहाला जाशील." तिने शेजारणीला फोन लावला. "कांता मावशी, मी प्रियांका. आमचे दोन हंडे तेवढे भरून ठेवाल का? मला उशीर होतोय... हो, कॉलेजातच आहे... नाही हो मावशी, पिक्चरला नाही गेलेले!"

सम्यक हसून हसून खाली बसला. मग उठून त्याने खडू घेतला. त्या दिवशी माझी घंटी एकशे वीस वेळा वाजली. सगळ्या जोड्या दहा-दहाच्या आसपास आल्या. सर्वांत मोठा फरक बारा-आठ. काकांनी मला थाप मारली नाही. त्यांनी फळ्यावरच्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या आणि मग खोलीतला दिवा बंद केला.

अंतिम फेरीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मॅडमनी आधी सगळ्यांना कारण सांगितलं, एकही शब्द न लपवता. मग काकांनी पट्टीची चाचणी केली. त्यानंतर टेबलांसाठी चिठ्ठ्या काढल्या. प्रियांका आणि सम्यकच्या हातात आली तीन.

कुजबुज झाली. साकेत दोन नंबरवरून उठून आला. त्याचा चेहरा हसरा नव्हता.

"ऐक ना. हवं तर आपण टेबल बदलू. गेल्या वर्षीचं मला माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे तुला माहीत नव्हतं," प्रियांका म्हणाली. "पण नको. दोन आणि तीन आता सारखेच आहेत. मीच मोजलंय. आता मी बदललं तर त्या मोजण्याला काय अर्थ?"

"मग हरलीस तर मला बोलायचं नाही."

"हरले तर मी हरले. डबा नाही."

मित्रांनो, या वाक्याने माझ्या पोटातली तार न तार ताठ झाली. चौदा वर्षांत माझ्यावर एवढा भार कोणी टाकला नव्हता.

प्रश्नांच्या चार फेऱ्या झाल्या. एक आणि चार नंबर मागे पडले. शेवटच्या प्रश्नाला दोन आणि तीन पुन्हा बरोबरीत. नियम असा, की बटण दाबताच वाचणं थांबतं. उत्तर चुकलं, तर पूर्ण प्रश्न समोरच्या जोडीला मिळतो.

मॅडमनी कार्ड उचललं. "मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा कंप पावतो. घड्याळ बनवणाऱ्यांनी नेमकी हीच…"

दोन बोटं पडली. एक दोनवर, एक तीनवर. त्यांच्यातलं अंतर तुमची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या भागाएवढंही नव्हतं. पण माझं काम तेच आहे. मी तीनचा दिवा लावला.

साकेतने मान हलवली आणि बटणावरून हात काढला.

"उत्तर," मॅडम म्हणाल्या.

प्रश्न अर्धा होता. सम्यकने टेबलाखाली मूठ आवळली. प्रियांकाने एकदाच श्वास घेतला.

"हीच संख्या का निवडली, असं तुम्ही विचारणार होता, मॅडम. कारण ती दोनचा पंधरावा घात आहे. निम्मी, पुन्हा निम्मी, असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका."

मॅडमनी कार्ड उलटं करून पाहिलं, जरी त्यांना उत्तर माहीत होतं. "बरोबर."

पुढचा गोंगाट मी सांगत नाही. सम्यक खुर्चीवर चढला होता, एवढं सांगतो. काका मात्र माझ्याजवळ आले आणि वायरी गुंडाळू लागले. चौथी वायर त्यांना दोनदा गुंडाळावी लागली.

मार्चमध्ये प्रियांका प्रयोगशाळेत आली. ठाण्याला बावीस कॉलेजांत त्यांचा तिसरा नंबर आला होता.

"पहिला का नाही?" काकांनी विचारलं.

"आम्हाला दोन उत्तरं आली नाहीत, काका. साफ आली नाहीत." तिने ते विज्ञानाच्या तासाला सांगावं तसं सांगितलं, लाज न बाळगता. "आणि तिथेही मी सुरुवातीला बझर तपासून मागितला. आयोजक आधी हसले."

"मग?"

"मग तपासला. एक नंबरची वायर सैल निघाली. ते टेबल आमचं नव्हतं."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना फूल वाहा, पुसा, हवं तर थापही मारा, आम्हाला ते आवडतं. पण तेवढ्यावर थांबू नका. आम्हाला जसं वापरता तसंच तपासा, घाईत आणि चुरशीत. आमचं चुकतं तेव्हा आम्हाला ओरडता येत नाही. आमच्या वतीने कोणीतरी माणूसच ओरडतो, आणि बहुतेक वेळा तो नुकताच हरलेला असतो. तुमच्या शाळेत, कॉलेजात कोणी उभं राहून "मी आधी दाबलं" म्हणालं, तर हसण्याआधी झाकण उघडा.