मला माती नको

मी एक ऑर्किड बोलतेय. आधीच सांगून टाकते, मला माती नको. काळी नको, लाल नको, शेणखत घातलेली तर मुळीच नको. झाड म्हटलं की माती हवीच, असं तुम्ही धरून चालता. पण आमची जात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसते आणि मुळं वाऱ्यावर सोडते. यात आम्ही कुणाचं काय घोडं मारलंय?

माझा जन्म रोपवाटिकेतला, काचेच्या बाटलीत. तिथल्या मालकिणीच्या हातात सदा खुरपी, म्हणून सगळे तिला खुरपीबाई म्हणत. तिने मला झाडाच्या सालीच्या तुकड्यांत वाढवलं. मला विकत घेणाऱ्या गृहस्थाला तिने बजावलं, "आठवड्यातून एकदा पाणी. माती घालायची नाही." त्याने फोनवर बोलता बोलता मान डोलावली आणि मला एका सुताराच्या घरी भेट म्हणून पोचवून तो मोकळा झाला.

सुतार नुकताच इस्पितळातून आला होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता, पाय कसाबसा चालायचा. बायको त्याला एकट्याने कूससुद्धा बदलू देत नव्हती. घास ती भरवायची, बटणं ती लावायची. माझी कुंडी पाहून तर तिला भडभडूनच आलं.

"अगंबाई, नुसत्या ढलप्या! बिचारीची उपासमार चाललीय."

तिने साल कचऱ्यात फेकली, मला काळ्याभोर मातीत गळ्यापर्यंत गाडलं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागली. माया होती, नाही म्हणत नाही. पण त्या मायेत माझा जीव गुदमरत होता. मी एक पान पिवळं केलं, तिने खत वाढवलं. दुसरं पान गाळलं, तिने पाणी वाढवलं. ओरडायला तोंड नाही, म्हणून पानं टाकत होते. तर तिला वाटलं, भूक लागलीय!

शेवटी कुजल्याचा वास सुताराच्या नाकात गेला. जन्मभर लाकूड हुंगलेला माणूस तो. भिंत धरत खिडकीशी आला आणि डाव्या हाताने त्याने मला उपटलं. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीने छाटली आणि घरात जे पोतंभर होतं त्यात मला बसवलं. लाकडाच्या भुशात.

वा रे कारागीर! भुसा भिजला आणि गच्च बसला. वाऱ्याला आत शिरायला फट नाही. पंधरा दिवसांत माझी दोनच मुळं उरली.

"टाकून द्या हो आता," बायको म्हणाली.

"दोन आहेत ना? मग नाही टाकायची."

मला कागदात गुंडाळून तो कुंडीवर छापलेला पत्ता बघत रोपवाटिकेत निघाला. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याचं पाऊल बाहेर पडत होतं.

"अहो, पडलात म्हणजे?"

"पडलो तर उठेन. मागून ये हवं तर, पण धरू नकोस."

ती आली. सबंध रस्ताभर दोन्ही हात पुढे करून.

मला पाहताच खुरपीबाईने कपाळावर हात मारला. "दादा, भुसा काय नि माती काय, दोन्ही हिचा गळाच आवळणार. पाणी येऊन निघून गेलं पाहिजे, मागून वारा आला पाहिजे. अंगठ्याच्या नखाएवढे सालीचे तुकडे करा, दिवसभर भिजवा, थोडा कोळसा मिसळा. आणि कुंडीला भोकं पाडा, भरपूर."

घरी येऊन त्याने डाव्या हातात पटाशी धरली. उजवा हात उचलून जुन्या ओंडक्यावरून सोललेल्या सालीवर ठेवला, वजन म्हणून. एरवी पाच मिनिटांचं काम, पण दुपार गेली. तुकडे उडत होते, पटाशी घसरत होती, एकदा अंगठ्यातून रक्त आलं. बायको दारात उभी होती. दोनदा पुढे झाली, दोनदा पदर मुठीत घट्ट धरून मागे सरली. त्याची सगळी सेवा केली तिने, पण एवढं जड काम तिला कधी पडलं नसेल.

दुसऱ्या दिवशी कुंडी भरताना त्यानेच हाक मारली, "आता ये. हिला सरळ धर. इथे दोन हात लागतात."

दोन महिने मी ढिम्म. शेजारीण म्हणाली, "मेलंय हो ते." मी मेले नव्हते, कामात होते. मग एका सकाळी माझं नवं मूळ बाहेर आलं, चंदेरी, टोकाला हिरवं. ते कुंडीच्या काठावरून सरळ बाहेर निघालं.

"अहो, हे पळालं! आत खुपसू का?" बायकोने विचारलं.

"तिला विचार."

तिने बोट पुढे केलं. माझ्याकडे पाहिलं. आणि बोट मागे घेतलं.

फुलं? नाहीत अजून. येतील तेव्हा येतील, कुणाच्या हुकमाने येणार नाहीत. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, तर आज तिच्या कुंडीत बोट घालून बघा. आत चिखल लागला, तर तिला बाहेर काढा. जुनी साल कुजून भुगा झाली असेल, तर ती बदला. पाणी द्या, उजेड द्या आणि जरा बाजूला व्हा. बाकीचं आमचं आम्ही बघतो.