सोडली की काढली

कामगार विमा कचेरीच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं पेन – टोपण कधीच गेलेलं, मागचं टोक कुणीकुणी चावून चपटं केलेलं – हेमाली बोटांत फिरवत राहिली. इथे पेनालाही बांधून ठेवतात, माणसाला मात्र... एका दुपारी कंपनीत बोलावलं, काम कमी झालंय म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आणि वर, राजीनामा लिहून दे, तुझंच नाव चांगलं राहील. तिने नाही दिला. नाव माझं, ते चांगलं ठेवणारे तुम्ही कोण?

पण आईने नेमकं तेच केलं. कोपरच्या बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून सगुणा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली – माझ्या पोरीने सोडली नोकरी, स्वतःहून. काढून टाकतात ते बोंबलाचं आतडं, पोरीला कोण काढेल? हेमालीनेही मान डोलावली होती; तेवढ्यापुरतं बरं वाटलं होतं, आणि आता त्या बरं वाटण्याचीच लाज वाटत होती.

"सोडली की काढली?" खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं. "स्वतःहून सोडली असेल तर बेकारी भत्ता मिळत नाही. आधीच सांगतो."

ती तोंड उघडते तोच मागून घराशेजारच्या विमलाबाई पुढे सरकल्या. नवऱ्याच्या आजारपणाच्या कागदांसाठी आल्या होत्या. "अहो साहेब, हिला कोण काढतंय? हिनेच सोडली," त्या कौतुकाने म्हणाल्या.

साहेब लिहायला लागले.

"थांबा!" – आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं, सगळी रांग वळून बघायला लागली, बघू दे – "मला काढलं. चोरी नाही, भांडण नाही, तरी काढलं. तसंच लिहा."

"अगं, पण तुझी आई तर..."

"आई खोटं बोलली, काकू. मीपण."

"कंपनीने काय कळवलंय ते बघावं लागेल," साहेब म्हणाले. "मग ठरेल."

कंपनीने 'स्वतःहून सोडली' असंच कळवलं असेल, हे तिला न सांगता कळत होतं. तरी ती बाहेर पडली तेव्हा मान ताठ होती. काढलं... काढलं... दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. शब्द बोचायचा थांबला होता. विमलाबाई कागद उरकून कोपरला पोचतील, पाटीपाशी थांबतील, सगळं सांगतील, आईचा चेहरा उतरेल. उतरू दे. आज मी तिच्या शेजारी पाटावर बसेन, आणि कुणी विचारलं, तर आईच्या आधी मीच बोलेन.